वारा अडवणाऱ्या खुर्च्या

"नाव घे गं पोरी, नाव घे! नाव घेतल्याबिगर उंबरा वलांडू द्यायची न्हाई, सांगून ठिवते!"

सरूआत्याचा हा आवाज कोंडिबाला ऐकू आला, तेव्हा तो दौंडच्या रेल्वे कॉलनीत एका मेमसाबच्या दिवाणखान्यात, एका अवाढव्य खुर्चीत बसला होता आणि सरूआत्याला जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. आवाज मात्र जसाच्या तसा, तळेगाव ढमढेऱ्यातल्या आळीचा, तंबाखूनं रापलेला, अर्धा दटावणारा नि अर्धा हसणारा. कोंडिबानं दचकून डावीकडे पाहिलं, तर खुर्चीचा कान. उजवीकडे पाहिलं, तर दुसरा कान. त्या खुर्चीची पाठ माणसाच्या डोक्याहून उंच होती आणि पाठीच्या दोन्ही कडा गादी भरून पुढे वळवलेल्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेली बाई समोरून दिसावी, तशी ती खुर्ची दिसत होती. आत डोकं टेकलं की बाहेरचं जग दोन हात लांब जाई. शेडमधल्या इंजिनांचे सुस्कारे, आवारातले कावळे, त्याला इथे घेऊन आलेल्या एडविनची घासाघीस, सगळं कुणी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं. स्वतःचा श्वास तेवढा कानाशी, झोळीतल्या लेकरासारखा.

खरं तर कोंडिबाला खुर्ची घ्यायचीच नव्हती. तो पार्सल ऑफिसातला कारकून. दिवसभर खुर्चीवर बसून पाठीचा कणा ताठलेला, म्हणून घरी आल्यावर भुईवर पाय पसरणं हेच त्याचं वैभव होतं. खरेदी होती एडविनची. एडविन मालगाडीवर गार्ड, केडगावचा, आणि त्याला एक लोखंडी कॉट हवी होती. या मेमसाबचा नवरा मेल गाडीचा ड्रायव्हर, तो वारला होता. मुलगा ऑस्ट्रेलियात गेला होता, आणि आता तीही सामान विकून त्याच्याकडे निघाली होती. "चल रे कोंडिबा, कॉटला दोन टोकं असतात, मी एकटा किती टोकं धरू," असं एडविन म्हणाला म्हणून हा आपला आला. आल्यावर मेमसाब म्हणाली, "बैठो ना," म्हणून हा आपला बसला. तिनं खुर्चीच्या कानावरून हात फिरवला. कातडं जुनं, हिरवं, कुठे कुठे तडकलेलं. आत घोड्याचे केस भरलेत आणि खुर्च्या तिच्या आजोबाच्या आहेत, असं तिनं सांगितलं. लाकडी पाय वाघाच्या पंजांसारखे, आणि प्रत्येक पंजानं एकेक गोळा पकडून ठेवलेला. "उधर ठंडा मुलुक में हवा बहुत आता. कान कू लगता. ये साइड का है ना, वो हवा रोकता." एवढं बोलून ती थांबली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण म्हातारीला जाण्याआधी कुणाला तरी सांगायचं असावं. "ये मेरा, वो आर्थर का. बाजू बाजू में. मुँह नहीं दिखता था, खाली आवाज. रोज शाम कू मैं बोलती, आर्थर, चाय ठंडा होता. वो बोलता, होने दो, ग्रेस."

एवढंच. पण कोंडिबाच्या छातीत कुठेतरी एक रिकामी तपेली पडली नि घरंगळत गेली. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि तेही रोज, आणि तेही कशासाठी, तर चहासाठी! म्हणजे सण नाही, सवाष्णी नाहीत, उंबरा नाही, उखाणा नाही, कपातला चहा निवतोय एवढ्यावर नाव! काही घरांत तूप जसं भाकरीवर ओततात आणि काही घरांत बोटानं लावतात, तसं त्याला वाटलं. आणि त्याच्या घरात तर भाकरी कोरडीच.

नवऱ्याचं नाव बायको एरवी घेत नाही, हे कोंडिबालाही मान्य होतं. त्याच्या आईनं घेतलं नव्हतं, आजीनं घेतलं नव्हतं. पण त्यासाठीच तर उखाणा केलाय ना जुन्या बायकांनी! दोन ओळींची पालखी करायची, तिच्यात नाव बसवायचं आणि चारचौघींतून मिरवून आणायचं. लग्न होऊन त्याची बायको सिंधूबाई पहिल्यांदा तळेगावच्या दारात उभी राहिली, तेव्हा आडव्या हातानं दार अडवून सरूआत्या तेच तर मागत होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. कोंडिबाच्या आईनं पुढे होऊन नव्या सुनेचा पदर सारखा केला, पदराच्या आत तोंड घालून काहीतरी पुटपुटली, बहुधा माप कोणत्या पायानं लवंडायचं ते. मग आत्या गरजली, नाव घे. आणि पोर गप्प. खाली मान, ओठ मिटलेले. नाव घे, नाव घे. बायका हसल्या, मग कुजबुजल्या, मग उन्हानं कावल्या. वाजंत्र्यांना भूक लागली. शेवटी आत्यानं कपाळाला हात लावून दार सोडलं, "मुकी तर न्हाई ना दिली आपल्याला?" मुकी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पहिला शब्द काढला, "फुकणी कुठं हाय?" तेव्हापासून ती अखंड बोलत होती. शेजारणींशी, म्हशीशी, दुधावर टपलेल्या बोक्याशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी. नवऱ्याशीही बोलत होती, "अहो" म्हणून, "ऐकलं का" म्हणून, पोरगी झाल्यावर "धुरपीचे बापू" म्हणून. हळदीकुंकवात नाव घ्यायची वेळ आली की मात्र हिचं दूध उतू जाई, नाहीतर हिला अचानक ठसका लागे. दाराआड उभं राहून ऐकणाऱ्या कोंडिबाला त्या ठसक्यांची जात ओळखता येऊ लागली होती.

आणि कारणही त्याला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. नावच असं. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा सुपात कोंडा पसरून त्यावर याला ठेवला आणि शेजारणीला मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकत देऊन परत घेतला. मरणानं डोकावून पाहिलं तर त्याला वाटावं, छे, इथे काही नाही, पाखडून टाकलेला कोंडा आहे. मरण फसलं, हे चांगलंच झालं. पण पंधरा वर्षांच्या नव्या नवरीनं कोणत्या तोंडानं म्हणावं की मी कोंड्याची बायको? आईसुद्धा कधी "बाळा" म्हणाली नाही. "आरं ये कोंड्या, मुडद्या, कुठं उलथलास?" ही तिची लाडाची हाक. ऑफिसात तो के. एम. अशी सही करी. एकदा रेशनचा माणूस घरी आला आणि मालकाचं नाव विचारू लागला, तेव्हा सिंधूबाई म्हणाली होती, "तुमीच वळखा. जवारी पाखडली की सुपाच्या तोंडाशी काय येतं?" तो माणूस शहरातला. त्यानं विचार करकरून लिहिलं, भुसाजी. पुढे वर्षभर कोंडिबाच्या वाट्याची साखर सरकारदरबारी भुसाजी महादू या इसमानं खाल्ली. सगळ्या दौंडानं हसून घेतलं. कोंडिबाही हसला. पण हसताना त्याच्या मनात येई, भुसाजी चालला हिला, कोंडिबा नाही चालला. परवा फाल्गुनात धुरपदाचं लग्न झालं. पोरीनं लाउडस्पीकरपुढे उभं राहून जावयाचं नाव असं खणखणीत घेतलं की स्टेशनापर्यंत ऐकू गेलं. सगळे म्हणाले, वा. बापाच्या मनात मात्र जावयाबद्दल एक बारीक काटा रुतून बसला, आणि असा काटा रुतावा याचीच त्याला लाज वाटली. पोरगी गेली. "धुरपीचे बापू" ही हाकही पोरीच्या मागोमाग तिच्या सासरी निघून गेल्यासारखी झाली. आता घरात दोन माणसं आणि एक "अहो".

"कोंडिबा! ए बाबा, झोपलास की काय त्या गुहेत?" एडविन हाक मारत होता. कोंडिबा कानांच्या आतून म्हणाला, "ह्या दोन्ही मी घेतो." एडविनला वाटलं खुर्ची बोलली.

वाटेत एडविननं बैलगाडीच्या मागून चालता चालता पुष्कळ समजावलं. गाडीत तळाला कॉट आणि कॉटवर शेजारी शेजारी त्या दोन खुर्च्या, पदर घेऊन, ताठ. "अरे, बर्फाच्या मुलखातल्या खुर्च्या या. इथे चैत्रात भिंतीवर पापड भाजतात. तुला कुठली थंडी वाजते?" कोंडिबानं भलतंच विचारलं, "एडविन, तुझी राहेल तुला नावानं हाक मारते का रे?" "छे! ती 'अहो' म्हणते. फार रागावली तर माझ्याकडे न बघता वर बघून म्हणते, 'बापा, ह्या माणसाला क्षमा कर.' तेव्हा नाव लागत नाही, बापाला माहीत आहे कोण ते." बाजारातून गाडी चालली तशी माणसं दुकानांतून मान काढून बघू लागली. कुणी म्हणालं, वरात आली. कुणी नुसतेच हात जोडले. कोंडिबाच्या मनात एक वेडं गाणं घोळू लागलं, आईच्या जात्यावरच्या चालीचं. गाडीत बसली जोडी, माझ्या बाई, मुखी नाही बोल. पुढची ओळ काही सुचेना. चाक खड्ड्यात गेलं आणि दोन्ही खुर्च्यांनी एकदम मान हलवली.

घराशी आल्यावर कळलं की दार अरुंद आणि कान रुंद. पहिली खुर्ची उंबऱ्यातच अडकली. ना आत, ना बाहेर. गाडीवानानं ढकलली, एडविननं ओढली, शेजारची दगडाबाई हातातला खराटा तसाच घेऊन पळत आली. तिच्या मागून आळीतल्या आणखी दोघीतिघी. दगडाबाईनं ते पदर घेतलेलं रूप पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगं बया! ही तर नवरीच अडलीया उंबऱ्यात! सिंधूबाई, नाव घ्या, नाव! त्याबिगर ही आत येती कशाची!" "घ्या, घ्या," बाकीच्या ओरडल्या. कोंडिबा खुर्चीच्या मागे, रस्त्यात उभा. खुर्चीच्या पाठीवरून त्याला पलीकडे फक्त सिंधूबाईच्या कपाळावरचं कुंकू दिसत होतं. तेच ऊन, तेच दार अडलेलं, तोच आवाज, तोंड तेवढं वेगळं. त्याच्या पोटात लहान पोरासारखी आशा उठली आणि त्यानं श्वास धरला. कुंकू किंचित हललं. मग पलीकडून आवाज आला, "तिरपी करा. जरा तिरपी. पाय आधी घ्या, पाय." खुर्ची तिरपी झाली आणि सुळकन आत गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या. कोंडिबानं धरलेला श्वास सोडला तो दुसरी खुर्ची उचलताना, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही.

त्या संध्याकाळी सिंधूबाईनं खुर्च्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंजांकडे बघून म्हणाली, "ह्यांना वाळे घाला, लई बेस दिसतील," आणि मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "आन् हे कान कशाला?" कोंडिबानं सांगितलं, वारा अडवायला. तिनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिला फार दिवसांपासून वाटत होतं ते आज पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. "लोक वारा यावा म्हून भितीला भोकं पाडत्यात. आन् तुमी वारा अडवायला खुर्च्या आणल्या. दौंडात. चैतात." कोंडिबाला खरं कारण सांगता येत नव्हतं. बाई गं, मी त्या आत बसलो होतो आणि मला वाटलं, तोंड दिसत नसलं की तोंडाबाहेर काहीतरी निघेल, हे कसं सांगायचं? त्यानं आडवाटेनं सांगून पाहिलं. मेमसाबची गोष्ट, आर्थर, चहा, होने दो ग्रेस. सिंधूबाई लसूण सोलता सोलता ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आन् त्यो आर्थर कुठं हाय आता?" "वारला." "बघा," ती म्हणाली आणि लसणाची सालं फुंकून टाकली. त्या 'बघा'त काय बघायचं, ते कोंडिबाला कळलं नाही.

मग खुर्च्या मागल्या दाराकडे तोंड करून बसल्या. तिथून परस दिसे, परसापलीकडे बाभळी, आणि बाभळींपलीकडे भीमेचं आटलेलं पात्र. दुपारपासून त्या पात्रावरून तापलेला वारा निघे आणि सरळ घरात शिरून भांड्यांवरची झाकणं वाजवी. संध्याकाळी कोंडिबा एका खुर्चीत बसून चहा पिई. दुसरी रिकामी. बायकोनं नवऱ्याच्या शेजारी बसायचं ते सत्यनारायणाच्या पाटावर, एरवी असल्या उंच आसनावर, तेही जोडीनं, म्हणजे काय नाटक आहे? तिनं त्या खुर्चीत आधी गोधड्या ठेवल्या, मग वाळवणाचे डबे, मग बोक्यानं ती स्वतःहून ताब्यात घेतली. कोंडिबा बोक्याशेजारी बसून भीमेकडे बघत राही. एकदा त्याला वाटलं, आर्थरसुद्धा असाच बसत असेल, आणि चहा गरम असतानासुद्धा मुद्दाम पीत नसेल. त्यानं पीत नसण्याचा प्रयोग करून पाहिला. चहा निवला. त्यावर साय धरली. सिंधूबाई आली, न बोलता कप उचलून नेला, गरम करून आणून ठेवला. ही बाई सगळं करील, फक्त तेवढं करणार नाही. सबंध दौंड आपल्याला नावानं ओळखतं, हमालसुद्धा "कोंडिबाभाऊ" म्हणतात, आणि या एका तोंडातून ते नाव ऐकल्याशिवाय ते आपलं झालंच नाही, असं का वाटावं? या वयात? पोरीचं लग्न झाल्यावर?

एके दिवशी मात्र त्याला भलतंच दिसलं. बोक्याच्या खुर्चीत, उजव्या कानाच्या आतल्या अंगाला, एक काळा ओरखडा होता. बोट लावलं तर काजळी. वास घेतला तर करडईचं तेल. कोंडिबाचं मन चरकलं. खुर्ची जाळायला निघाली होती ही? इतका राग? दुसऱ्या दिवशी ओरखडा आणखी थोडा मोठा होता. मग त्याला बाजारात राहेल भेटली. ती हसून म्हणाली, "काय हो भाऊ, तुमच्या घरच्या आल्या होत्या. ते ड्रायव्हर साहेब किती वर्षांचे होऊन गेले, ते विचारत होत्या." कोंडिबाला काहीच उमगेना. दिवसभर तो पार्सलांवर चुकीच्या स्टेशनांच्या चिठ्ठ्या चिकटवत राहिला. केडगावच्या कुणा घराला त्या दिवशी सोलापूरच्या चादरींऐवजी आंब्यांची करंडी गेली, आणि त्या घरानं कधीही तक्रार केली नाही.

ड्यूटी संपवून तो घरी आला तेव्हा ऊन कलतं होतं आणि वारा चांगलाच सुटला होता. दोन्ही खुर्च्यांच्या पाठी त्याच्याकडे. मधल्या स्टुलावर दोन कप. दोन! बोका भुईवर रुसून बसलेला. घरात कुणी दिसेना. तो आपल्या खुर्चीत बसला, डोकं टेकलं, आणि शेजारच्या कानाआडून आवाज आला, "बूट काढा आधी."

कोंडिबानं बूट काढले. वाकून शेजारी बघायचा मोह झाला, पण त्यानं स्वतःला आवरलं. झाडावर पाखरू बसलं की माणूस जसा हलत नाही, तसा तो बसून राहिला.

"मऊ हाय," शेजारची खुर्ची म्हणाली. "दुपारची बसते मी. तुमाला म्हाईत न्हाई."

"ती काजळी..."

"दिवा धरला व्हता. दाराकडनं एवढा वारा, पर हितं आत ज्योत हालली न्हाई. तीन दुपारी बघितलं. एका अंगाला जरा भाजलं तेवढं."

"दिवा कशाला पण?"

बाभळीच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या.

"आत्याबाईंनी दार अडवलं व्हतं तवा," सिंधूबाई म्हणाली, "मला उखाणा येत व्हता. चांगला पाठ केला व्हता. वाटंनं घोकत आले व्हते. पर सासूबाईंनी पदरात तोंड घालून सांगितलं. म्हनल्या, पोरी, माझी चार गेली. ह्यो एकच ऱ्हायलाय, त्यो बी कोंडा म्हून. सारं जग कोंड्या म्हनून वरडलं तर चालतं. पर मायेच्या मानसानं मायेनं नाव घेतलं की वारं ते घेऊन जातं, आन् ज्याला कळू नये त्याला कळतं, की कोंड्यात दाना हाय. म्हनल्या, म्या आई असून कवा गोड हाक मारली न्हाई. तू बी नको मारूस. आन् त्याला सांगू बी नको."

कोंडिबाच्या डोळ्यांपुढे भीमेचं पात्र हललं. आरं ये कोंड्या, मुडद्या, कुठं उलथलास. जेवणाच्या वेळची ती हाक. ताप आला की डोक्यावर ओली पट्टी ठेवताना, "मर की मेल्या, मला किती जागवतोस." जन्मभर त्याला वाटलं होतं, आईची जीभ जात्याच्या दगडासारखी खरबरीत. त्यानं कप उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मला वाटलं," तो कसाबसा म्हणाला, "तुला नाव आवडत न्हाई."

"नाव?" खुर्ची फणकारली. "जात्यावर बसले की मनातल्या मनात दर घासाला घ्यायची. पीठ बारीक यायचं."

एवढं बोलून तिलाच लाज वाटली असावी. कानाआड बांगड्या उगाच वाजल्या. मग एकदम तिचा नेहमीचा आवाज आला, हिशोबी, शेजारणीशी भांडायला निघाल्यासारखा. "राहेलबाईला इचारून आले. त्यो आर्थर पार म्हातारा हून गेला म्हनं, दात पडून. आन् मेमसाब रोज नाव घेत व्हती. म्हंजी ह्या खुर्चीतनं वारं भाईर जात न्हाई. मी बघितलंय दिवा धरून." मग म्हणाली, "तवाचा उखाणा काय आठवत न्हाई. सकाळधरनं आठवतीया. बाभळीचं काहीतरी व्हतं. आता नवा जुळवलाय, हसू नका."

"न्हाई हसत."

"इकडं वाकून बघायचं न्हाई."

"न्हाई बघत."

वाऱ्यानं परसातलं एक घमेलं उलटं केलं आणि लांबवर फरफटत नेलं. कोंडिबानं डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. हिरव्या कातड्याच्या त्या पदराआडून, नवरीसारखा बारीक नि म्हातारीसारखा घोगरा आवाज आला:

"विलायती खुर्चीला दोन्ही अंगाला कान,
कोंडिबांचा च्या निवला, त्यांना कुठलं भान!"